भिंतीपलीकडची ऊब

१

आमच्या स्वयंपाकघरातली एक भिंत गरम असते. तिच्यावर मी दोन खिळे ठोकून दोरी बांधली आहे. भांडी आटोपली की ओलं फडकं, यांचे मोजे, टॉवेल, काय असेल ते तिथे टाकते. बाहेर आभाळ भरलेलं असो नाहीतर धुकं, कपडा खडखडीत वाळतो. इमारतीतल्या बायका विचारतात, हे कसं काय? मी म्हणते, शेजार चांगला लागतो, बायांनो.

शेजार म्हणजे रेडिओ आणि धाकटी. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण सकाळी एकदा तोंड सुरू झालं की झोपेपर्यंत बंद होत नाही. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासतो. त्याची बायको दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. राहायला आली त्याच दिवशी तिने मला ताई म्हणून हाक मारली, तेव्हापासून ती माझी धाकटी. मला पाठचं कोणी नाही, त्यामुळे ती हाक मी घट्ट धरून ठेवली. माझा स्वभाव भोचक आहे हे मला माहीत आहे. आमचे हे शिंपीकाम करतात, ते म्हणतात, "तुझं नाक बेतायला माझ्याकडे कात्री नाही." असेना. जिथे कोणी कोणाकडे बघत नाही, तिथे मेलेलं माणूसही वासावरूनच कळतं.

रेडिओने मागच्या खोलीत यंत्रं लावली तेव्हा मला मुद्दाम बोलावून दाखवली. बोटाएवढ्या यूएसबीच्या कांड्या, प्रत्येकीला कंगव्याच्या दातांसारख्या ॲल्युमिनियमच्या पात्या. एका लांबट डबीत त्या ओळीने खोचलेल्या होत्या. त्या डबीला तो हब म्हणायचा. हबला स्वतःची जाड वायर होती, कारण नुसत्या कॉम्प्युटरच्या भोकातून येणारी वीज या कांड्यांना पुरत नाही म्हणे. समोर तळहाताएवढा पंखा.

"करतात काय या?" मी विचारलं.

"गणितं सोडवतात, ताई. अखंड. त्यातून कॉम्प्युटरवरची नाणी निघतात."

"कुठंय नाणं?"

"ते डोळ्यांना दिसत नाही."

"मग माझ्या धाकटीला न दिसणारी माळ करणार का तू?"

धाकटी दाराला टेकून हसत होती. "ताई, यातून चहाचे पैसेसुद्धा सुटत नाहीत. विजेचं बिल तेवढं डोळ्यांना दिसतं."

"छंद आहे गं. लोक मासे पाळतात, मी हे पाळतो," रेडिओ म्हणाला.

ती खोली माझ्या भिंतीच्या बरोबर पलीकडे. पंख्याचा वारा भिंतीवर यायचा आणि टेबलाच्या उंचीवर, ताटाएवढ्या जागेत माझी भिंत उबदार व्हायची. मी दोरी तिथेच बांधली.

एके दिवशी फडकं ओलंच राहिलं. हात लावून पाहिलं तर ती जागा थंडगार. ऊब खाली सरकली होती, फरशीलगत, केराच्या डब्यामागे. आता ती ताटासारखी गोल नव्हती. लांबट होती. मी रेडिओला विचारलं, टेबल हलवलंस का रे? नाही म्हणाला. दोन दिवसांनी ती खिडकीकडच्या कोपऱ्यात सापडली, उभी, माझ्या डोक्याच्याही वर.

मी सातवीपर्यंत शिकले. उष्णता पसरते, हे आमच्या पुस्तकात होतं. पण ती पसरते असं होतं. एक जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसते, असं नव्हतं.

२

एका दुपारी इमारतीची वीज गेली. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. आमच्या मजल्यावर एक भुरी मांजर होती, कोणा एकाची नाही, सगळ्यांची. तिची जागा रेडिओच्या मागच्या खिडकीखाली, कारण तिथली फरशी ऊन लागल्यासारखी असायची.

वीज गेली आणि थोड्या वेळाने मांजरीचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. पिशवीतली हवा दाबून काढल्यासारखा एकच आवाज. मी उठून गेले. मांजर तिथेच होती, निजलेली. जवळ गेले तेव्हा कळलं की ती चपटी झाली आहे. पाठ मोडून पोटाला लागली होती आणि डोळे बाहेर आले होते. गाडीखाली सापडलेलं मांजर मी पाहिलं आहे, अगदी तसं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"कुठूनतरी कुंडी पडली असेल," हे म्हणाले.

"मग कुंडी कुठंय?"

"मांजरीच्या चौकशीला वकील लावूया का?"

पण मांजरीला उचलायला रेडिओच आला, तेव्हा त्याने इकडेतिकडे काही शोधलं नाही. त्याने फक्त तिच्या अंगावर हात ठेवला, आणि ती गार झाली आहे ना हे बघतात तसं बघितलं. त्या दिवशी तो काही बोलला नाही. रेडिओ, आणि काही बोलला नाही.

त्यानंतर आवाज सुरू झाले. रेडिओची सुट्टी असली की भर दुपारी भिंतीपलीकडून धप्प. ओली गादी काठीने झोडावी तसं. मग घसट. मग पुन्हा धप्प. मध्ये माणसाचं कण्हणं, दातांखाली दाबलेलं. पुढच्या आठवड्यात रेडिओचा ओठ फाटलेला दिसला.

"पंख्याचं पातं लागलं," तो म्हणाला.

"तळहाताएवढ्या पंख्याचं?"

"चावरा आहे," त्याने हसायचा प्रयत्न केला आणि ओठातून रक्त आलं.

मी यांना म्हटलं, त्या घरात कोणीतरी कोणालातरी मारतंय. हे शिलाईवरून डोकं न उचलता म्हणाले, "भिंतीला लावून लावून तुझा कान चपटा झालाय. नवराबायकोच्या मध्ये तिसरा टाका घालू नये, उसवतो."

३

मी टाका घातलाच. आमचा टेबलपंखा उचलला आणि त्यांच्या दारात उभी राहिले. कारण काहीतरी लागतं ना घरात शिरायला.

"ताई, देवासारख्या आलात," धाकटी म्हणाली. "ती खोली म्हणजे भट्टी झालीये. याचा तो हब सारखा तापून बंद पडतो, आणि बंद पडला की हा वेड्यासारखा धावतो."

रेडिओ मागच्या खोलीच्या दारात आडवा उभा होता. "नको. एवढा मोठा नको."

"अरे, तुझी यंत्रं गार राहतील."

"ताई, गार नको आहेत मला."

"ऐकलंत?" धाकटी म्हणाली. "माणसं थंड व्हायला पंखा लावतात. आमच्याकडे वेगळंच शास्त्र." तिने त्याला बाजूला सारलं आणि पंखा आत नेला.

खोली मी नीट बघून घेतली. टेबल, हिरवे दिवे लुकलुकत असलेल्या कांड्या, एक खुर्ची. खुर्चीची मोडलेली पाठ तारेने बांधलेली. भिंतीचा गिलावा ठिकठिकाणी आत दबलेला, मऊ पिठावर कोपर टेकवावं तसा. फरशीवर वाळून काळे झालेले थेंब. मी मनात म्हटलं, बस, सापडलं. आज धाकटीला एकटीला गाठून विचारायचं.

पंखा सुरू झाला. खोली बघता बघता सुखाची झाली. कांड्यांच्या पात्यांवर धाकटीने बोट ठेवून दाखवलं, "बघा, आता चटकासुद्धा बसत नाही."

रेडिओ एवढंच म्हणाला, "तुम्ही दोघी बाहेर जा."

मी घरी आले. गॅसची शेगडी पेटवायला काडी ओढली तेवढ्यात पलीकडून आवाज झाला, नेहमीपेक्षा मोठा. धप्प, धप्प, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मग धाकटीचा आवाज, "सोड त्याला," आणि मग लाकूड मोडल्यासारखा कडकन आवाज. पण ते लाकूड नव्हतं. पाठोपाठ ती जे किंचाळली त्यावरून कळलं की ते हाड होतं.

मी पोचले तेव्हा धाकटी उंबऱ्यात पडलेली, उजवा हात कोपराच्या पुढे भलत्याच दिशेला वळलेला. आमचा पंखा भिंतीपाशी होता. त्याची लोखंडी जाळी मुठीत चुरगाळलेल्या कागदासारखी झाली होती. रेडिओ नाकातोंडातून रक्त गाळत दोन्ही तळहात कांड्यांवर धरून बसला होता. आधी मला वाटलं तो हात शेकतोय. मग कळलं, तो त्यांना ऊब देत होता.

४

हात प्लास्टरमध्ये घालून धाकटीला मी माझ्याकडे आणलं. विचारून विचारून थकले.

"त्याने मारलं?"

"नाही, ताई."

"मग कोणी?"

"तो खुर्चीत होता. आपटत होता. मी ओढायला गेले."

"कोण आपटत होतं त्याला?"

"खोलीत कोणी नव्हतं," ती म्हणाली. "पण जागा नव्हती, ताई. मला आत शिरायलाच जागा नव्हती."

रेडिओला मी जिन्यात गाठलं. तोंडाजवळ जाऊन वास घेतला. प्यायलेला नव्हता.

"माझ्या धाकटीला पुन्हा हात लावलास तर तुझा हात मी शिवणयंत्राखाली घालीन," मी म्हणाले. "यांच्याकडे जाड सुई आहे."

तो रागावला नाही. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "ताई, फार तापलं की हब आपोआप बंद पडतो. जळू नये म्हणून तशी सोयच असते त्यात. म्हणून थोडा वारा लागतो. पण वारा जास्त झाला, नाहीतर वीज गेली, की खोली गार पडते."

"पडू दे की मग."

त्याने शर्ट वर केला.

मारलेल्या माणसाची पाठ मी पाहिली आहे. काठीचा वळ असतो, पट्ट्याचा असतो, मुठीची गाठ उमटते. हे यातलं काही नव्हतं. काळेनिळे, रुंद, गुळगुळीत कडांचे खळगे, एकावर एक. डाव्या बाजूच्या बरगड्या आत गेलेल्या, आणि श्वास घेतला की तेवढी जागा उलटीच हलत होती.

"ते गार पडलं की ऊब शोधतं," तो म्हणाला. "मला एवढंच कळलंय. मी आत असलो की माझ्यावर भागतं."

"ते म्हणजे कोण?"

"मी विचारलं नाही."

"आणि हे सगळं सोडून निघून का जात नाहीस?"

त्याने आमच्या दाराकडे पाहिलं. "मी गेलो की भिंतीपलीकडे तुम्ही आहात, ताई."

मी घरी येऊन चहा केला, पण प्यायले नाही. भरलं घर, दुपारचं ऊन, खाली भाजीवाल्याशी कोणीतरी हुज्जत घालत होतं. अशा वेळी असल्या गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. मी म्हटलं, बंद खोलीत त्या उष्णतेपुढे बसून पोराचं डोकं फिरलंय. स्वतःला भिंतीवर आपटून घेतो, आणि सोडवायला जाते तिचं हाड मोडतो. रोग त्या कांड्यांत आहे, आणि त्याच्यावर औषध म्हणजे बटण. एवढं कळायला सातवीही लागत नाही.

५

रेडिओ दुकानात गेला होता, हे त्यांच्या दुकानात. धाकटी गोळी घेऊन झोपली होती. तिची गादी मी स्वयंपाकघरात त्या भिंतीला लागून घातली होती, हाताला शेक मिळावा म्हणून. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असतेच.

मागच्या खोलीत मी बटण बंद केलं आणि वर प्लगही उपटून ठेवला. हिरवे दिवे गेले. पंख्याची घरघर थांबली. इतके दिवस तो आवाज होता हे तो थांबल्यावर कळलं. पात्या निवताना बारीक टिकटिक करत होत्या.

काही झालं नाही. मी कमरेवर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "झालं? एवढंच होतं."

निघताना सहज भिंतीला हात लावला. गिलावा उबदार होता, माणसाहून लांब अशा पट्ट्यात. माझ्या तळहाताखाली तो हळूहळू निवत गेला. आणि मग तो उबदार पट्टा सरकला. बाजूला नाही, आत. माझ्यापासून पलीकडे. पाणी जिरतं तसा तो भिंतीत गेला, आणि पलीकडे माझं स्वयंपाकघर होतं.

धप्प.

मी धावले. गॅलरी एवढी लांब कधी नव्हती.

धाकटी गादीवर उताणी होती. तिच्या दोन्ही बाजूंना गादी खोल दबलेली, तिच्यावर कोणी गुडघे रोवून बसावं तशी. डोळे सताड उघडे, तोंड उघडं, आवाज नाही, कारण छातीत हवा घ्यायला वाव नव्हता. तिचं डोकं एकदम डावीकडे फेकलं गेलं. गालावर काही नव्हतं, आणि गाल फुटला. मग उजवीकडे. प्लास्टर अंड्याच्या कवचासारखं तडकलं. मी तिच्यावर झोकून दिलं स्वतःला, आणि तिच्यापर्यंत पोचलेच नाही. मध्येच कशावर तरी आदळले. विहिरीत हात घालावा तसं थंड, आणि कातड्यासारखं सैल. त्याने मला नुसतं झटकलं. मी मांडणीवर आपटले, भांडी अंगावर आली, तोंडात दाताचा तुकडा आला.

देव आठवायला हवा होता. मला चूल आठवली.

रांगत जाऊन मी शेगडी पेटवली, दोन्ही बर्नर, पूर्ण मोठे. ज्वाळा उभ्या राहिल्या आणि लगेच आडव्या झाल्या, दोन्ही एकाच बाजूला, वारा नसताना. गादी वर आली. धाकटीने घरघरत श्वास ओढला.

शेगडीवरची हवा तापली की थरथरते, पलीकडचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. त्या दिवशीही हलत होतं. एका ठिकाणी मात्र हलत नव्हतं. त्या न हलणाऱ्या जागेला कड होती. मी त्या कडेवरून नजर वर नेली, छतापर्यंत, आणि छताला लागून वळून पुन्हा खाली. शेगडीवर ओणवी झालेली पाठ होती ती. एवढी पाठ माझ्या स्वयंपाकघरात मावायलाच नको होती.

मी धाकटीला गादीसकट ओढत बाहेर नेलं. मागे वळून पाहिलं नाही. मग परत पलीकडच्या घरात जाऊन प्लग लावला, बटण दाबलं. दिवे लागले. पात्यांवर हात ठेवला, थंड. वाट पाहिली. थंडच.

रेडिओला फोन केला. शब्द नीट फुटत नव्हते, तुटलेल्या दातातून हवा जात होती. त्याने एकच विचारलं, "शेगडी चालू ठेवलीत ना?"

तो आला, कॉम्प्युटरसमोर बसून त्याने काहीतरी सुरू केलं. नुसत्या विजेने कांड्या तापत नाहीत, गणितं सुरू करावी लागतात, हे मला तेव्हा कळलं. पात्या हळूहळू कोमट झाल्या, मग गरम. इकडे माझ्या शेगडीच्या ज्वाळा थरथरल्या, आणि सरळ उभ्या राहिल्या.

६

धाकटीच्या चार बरगड्या गेल्या, जबडा तारेने बांधावा लागला. ती जिन्यावरून पडली असं मी डॉक्टरांना सांगितलं. तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तिला त्या दुपारचं काही आठवत नाही. गोळी घेतली होती, मग दवाखाना, एवढंच.

रेडिओने दुकान सोडलं. इमारतीत म्हणतात, रेडिओ बंद पडला. मी दोन वेळा ताट नेते, उंबऱ्याबाहेर ठेवते. हबचा एक कोपरा वितळलाय. एकेक कांडी मरत चालली आहे. आज सकाळी ताट घ्यायला तो दारापर्यंत आला नाही, म्हणून मी आत डोकावले.

तो खुर्चीत होता. छोटा पंखा मंद फिरत होता. त्याच्या मांड्या खुर्चीवर चपट्या दबल्या होत्या, हात बाजूंना लोंबत होते, हनुवटी वर झाली होती, मोठं अंगाबाहेर वाढलेलं पोर मांडीवर घेऊन बसावं तसा.

"ताई, आत येऊ नका," तो कुजबुजला. "ती यायचं म्हणतेय. काल फोन आला होता. जबडा सुटलाय, हात बरा झालाय, मी येते म्हणाली. मी नाही म्हटलं तर ऐकणार नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही सांगा तिला. मी मारत होतो म्हणून सांगा."

"अरे, काहीतरीच काय."

"त्या दुपारी मी घरी आलो आणि मारलं. तुम्ही पाहिलंत. तुमचं तिला पटेल." त्याला श्वास पुरत नव्हता. "पहिल्या दिवसापासून तुम्हाला तसंच वाटत होतं ना? त्यात तुम्हाला काही नवीन रचावं लागणार नाही."

मी घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिले. आयुष्यात माझ्या तोंडात काही राहिलं नाही. इमारतीतल्या प्रत्येक घरातली गोष्ट मी दुसऱ्या घरात नेऊन पोचवली, कधी मीठ लावून, कधी न लावता, पण असलेलीच. मी फोन लावला.

"ताई," धाकटी म्हणाली. तिची जीभ अजून जड होती. "मी शनिवारी निघतेय."

"येऊ नकोस."

"का हो?"

"त्याने मारलं होतं तुला. त्या दिवशी. मी दारात उभी होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सोडवायला गेले तर माझा दात पाडला."

मी भिंतीला पाठ लावून उभी होते, आणि पाठीमागची भिंत निवत चालली होती.

"तुम्ही तर जिना म्हणालात."

"तुझ्या संसारासाठी म्हणाले गं. तो बदलला नाही. आलीस तर जिवंत जाणार नाहीस, असं म्हणाला माझ्यासमोर."

तिने नाक ओढलं. "बरं," ती म्हणाली. आणि मग, अगदी लहान आवाजात, "ताई, तो जेवतो का?"

माझ्या मागे पहिला ठोका पडला. मी फोन घाईने छातीशी दाबला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. दुसरा पडला, त्याच्याबरोबर रेडिओचा आवाजही आला. मी दोन्ही बर्नर मोठे केले आणि आवाज थांबायची वाट पाहिली. थांबला तेव्हा फोन कानाला लावला.

"मरू दे मेल्याला," मी म्हणाले.